ताईचा राजीनामा आम्ही पंधरा महिने का अडवून धरला

जुलै २०२४ मधला एक रविवार, सकाळी साडेनऊला ताईचा फोन. आवाज एकदम शांत. म्हणली, "उद्या राजीनामा टाकतेय, तुला आधी सांगावं म्हणलं." मी पोहे खात होतो, आणि माझ्या तोंडून पहिला प्रश्न तब्येतीचा नाही निघाला, "कारण काय लिहिणारेस?" असा निघाला. ती म्हणली, "त्यात काय लिहायचं, पर्सनल रिझन्स." म्हणलं ताई, मी येतो, तोवर लॅपटॉप उघडू नकोस.

मी टॅक्सच्या ऑफिसात बसतो. सीए नाही, पण पीएफ-ग्रॅच्युइटीचे कागद रोज हातातनं जातात. तरी बहिणीची फाईल समोर येईपर्यंत मलाही नीट माहीत नव्हतं की खाजगी नोकरीतल्या माणसाला हळूहळू वाढणारा आजार झाला तर "अपंगत्वाचा फायदा" नावाची एक अशी वस्तू आपल्याकडे नाहीच. पाच-सहा वेगवेगळे दरवाजे आहेत, प्रत्येकाची अपंगत्वाची व्याख्या वेगळी, आणि त्यातले काही दरवाजे तुम्ही नोकरीत असतानाच उघडतात. बाहेर पडताना चुकीचा शब्द लिहिला की बंद.

आधी आजाराचं सांगतो. २०१६ मध्ये, तेव्हा ती ३१ वर्षांची, डाव्या डोळ्याला धुकं आलं, डोळा फिरवला की दुखायचं, लाल रंग विटलेला दिसायचा. स्टेरॉइडची सलाइन लावली, बरंचसं बरं झालं, आम्ही विसरलो. २०१८ मध्ये पायापासून कमरेपर्यंत बधिरपणा चढला, मग एमआरआय, पाठीतनं पाणी काढलं, आणि मल्टिपल स्क्लेरॉसिस (एमएस) हे नाव घरात आलं. वायरवरचं प्लास्टिक सोललं जावं तसं नसांवरचं आवरण शरीराचीच प्रतिकारशक्ती सोलत जाते, एवढंच मी आईला समजावलं. आई म्हणली, "मग वायरमन कुठंय?" वायरमन नाही, फक्त सोलण्याचा वेग कमी करणारी औषधं आहेत.

पहिली काही वर्षं अटॅक यायचा, जायचा, मधे ती ठणठणीत. २०२२ नंतर मात्र ते जायचं बंद झालं. डॉक्टर एक ० ते १० ची पट्टी वापरतात, ईडीएसएस म्हणतात तिला. ताई २०२० मध्ये २.५ वर होती आणि २०२४ च्या जूनमध्ये ६ वर, म्हणजे शंभर मीटर चालायला हातात काठी लागणार. एप्रिलच्या उन्हात तिचे पाय लाकडाचे व्हायचे, आणि दुपारी तीननंतर डोकं असं जड की एक्सेलमधली एकच ओळ चारदा वाचायची. हे जडपण बाहेरच्याला दिसत नाही आणि अपंगत्वाच्या कुठल्याच टक्क्यात धड बसत नाही, पण नोकरी खरी त्यानंच खाल्ली.

घरची बाजू अशी. दाजींचा छोटा प्रिंटिंगचा धंदा, लग्नसराईत बरा, एरवी कोरडा. भाची नववीत. ताई एका खाजगी कंपनीत अकाउंट्सला, पगार महिना ७५,०००, त्यात बेसिक ३६,०००. म्हणजे घर तिच्या पगारावर उभं, आणि ती म्हणत होती उद्या सोडते. तिचंही चूक नव्हतं, तिला वाटत होतं काढून टाकायच्या आत आपण मानानं निघावं. मान ठीक आहे ओ, पण त्याचा हिशोब कुणी केला नव्हता.

त्या रविवारी आम्ही तिघं जेवणाच्या टेबलावर तिच्या पीएफचं पासबुक उघडून बसलो. आधी ग्रॅच्युइटी, म्हणजे नोकरी सुटताना सेवेच्या वर्षांवर कंपनी देते ती रक्कम. ती ६ जानेवारी २०२० ला या कंपनीत लागलेली. नोटीस धरून ऑगस्टअखेर सुटली असती तर चार वर्षं सात महिने, पाच वर्षं पूर्ण नाहीत, म्हणजे "पर्सनल" लिहून निघाली तर हातात शून्य. पण ग्रॅच्युइटीच्या कायद्यात मृत्यू किंवा अपंगत्वामुळं नोकरी संपली तर पाच वर्षांची अट नाही, आणि तिथली अपंगत्वाची व्याख्या वाचण्यासारखी आहे: आजारापूर्वी माणूस जे काम करू शकत होता ते आता करू शकत नाही, बस. टक्क्यांचा उल्लेखच नाही. सहा महिन्यांच्या वरचा तुकडा पूर्ण वर्ष धरतात, म्हणून ३६,००० गुणिले १५ भागिले २६ गुणिले ५, येतात १,०३,८४६ रुपये. एका शब्दाची किंमत एक लाखाच्या वर. दाजींनी कॅल्क्युलेटर दोनदा मारून बघितला.

मग पेन्शन. पीएफमधनं कंपनीच्या वाट्याचा एक तुकडा ईपीएस ९५ या पेन्शन योजनेत जातो हे बहुतेकांना माहीत असतं, पण त्याच योजनेच्या परिच्छेद १५ मध्ये अपंगत्वाचं पेन्शन आहे हे माझ्या ऑफिसातसुद्धा दोघांनाच माहीत होतं. नोकरीत असताना माणूस कायमचा आणि पूर्ण अपंग झाला तर दहा वर्षांच्या सेवेची अट नाही, एक महिन्याची वर्गणी भरलेली असली तरी चालते. वयाचीही अट नाही, दुसऱ्या दिवसापासून चालू, हयातभर. अपघात कामावरच व्हायला हवा असंही नाही, आजार चालतो. नुसता राजीनामा दिला असता तर तिला ५८ पर्यंत थांबावं लागलं असतं, किंवा पन्नाशीत दर वर्षामागं ४ टक्के कापून घ्यावं लागलं असतं. ती तेव्हा ३९ ची.

इथं जुनी एक चूक वर आली. २००७ ते २०१० तिनं एक नोकरी केलेली, बाळंतपणात सोडली आणि पीएफबरोबर पेन्शनचे पैसेपण दहा-सी फॉर्म भरून काढून घेतले. तेव्हा सगळेच काढायचे. ती तीन वर्षं हिशोबातनं गेली. नशीब एवढंच की ऑक्टोबर २०१४ मध्ये परत नोकरीला लागली तेव्हा बेसिक १३,५०० होता, कारण १ सप्टेंबर २०१४ नंतर नव्यानं लागणाऱ्याचा पगार १५,००० च्या वर असेल तर त्याला ईपीएसमध्ये घेतच नाहीत. दीड हजाराहून जास्त वर मिळाले असते तर तिच्यासाठी हा दरवाजाच नसता. तुमच्या पासबुकात पेन्शनच्या रकान्यात महिन्याला १,२५० पडतायत का ते एकदा बघून घ्या, तिथं शून्य असेल तर या पेन्शनचं पुढचं सगळं तुम्हाला लागू नाही.

रक्कम काय, तर १५,००० गुणिले वर्षं भागिले ७०. दहा वर्षं धरली तर २,१४३. दाजी म्हणाले, "एवढ्यासाठी एवढी उरस्फोड?" रास्त प्रश्न आहे. पण हे व्याजदरावर हलत नाही, धंद्यासारखं आषाढात आटत नाही, आणि तिच्यामागं निम्मं दाजींना चालू राहतं. मला ते सोडवत नव्हतं.

तर ठरलं असं की राजीनामा द्यायचाच, पण कागद झाल्यावर. आणि पहिला कागद म्हणजे दिव्यांग प्रमाणपत्र.

हे २०२२ मध्ये एकदा काढून झालेलं, ३० टक्के, टेम्पररी, कार्डावर पांढरी पट्टी. ४० च्या खाली म्हणजे जवळजवळ काहीच नाही, पिवळी पट्टी ४० पासून, निळी ८० पासून. तीस का आले ते ताईनंच सांगितलं. त्या महिन्यात स्टेरॉइडचा कोर्स झालेला, सकाळचे नऊ, डिसेंबरची थंडी, म्हणजे तिचा वर्षातला सगळ्यात चांगला दिवस. नवी साडी नेसून, काठी गाडीत ठेवून, मेडिकल बोर्डासमोर ताठ चालत गेली. डॉक्टरांनी विचारलं जिना चढता का, म्हणली हो. चढते ती, पण वर गेल्यावर वीस मिनिटं बसते, ते कुणी विचारलं नाही आणि तिनं सांगितलं नाही. आपल्याकडच्या बायका डॉक्टरपुढं "बरंय" म्हणायला जन्मापासून शिकलेल्या असतात.

दुसऱ्यांदा जाताना नाटक करायचं नाही हे मी तिला शपथेवर सांगितलं, आणि बरी दिसायचं नाटकपण नाही. न्यूरॉलॉजिस्टकडून दोन पानी सारांश घेतला, त्यात ईडीएसएस ६, पंचवीस फूट चालायला लागणारे सेकंद, दोन्ही एमआरआय, लघवीच्या तक्रारीची नोंद. डोळ्याच्या डॉक्टरांचा वेगळा रिपोर्ट घेतला, कारण डावा डोळा पुन्हा उतरलेला आणि मागच्या वेळी डोळ्याचा विषयच निघाला नव्हता. २०१६ च्या अपंगत्व हक्क कायद्यात २१ प्रकार आहेत, एमएस आणि पार्किन्सन त्यात नावानं आहेत, १९९५ च्या जुन्या कायद्यात सातच होते. पण नाव यादीत आहे म्हणून टक्के मिळत नाहीत, बोर्ड मोजतं ते हातापायाची ताकद, तोल, नजर.

सप्टेंबर २०२४ मध्ये सरकारी दवाखान्यात तीन चकरा झाल्या. एकदा सर्व्हर बंद, एकदा डोळ्याचे डॉक्टर रजेवर. तिसऱ्यांदा झालं. पायांचे ४५, डोळ्याचे २०. आई म्हणली म्हणजे ६५. तसं नसतं, मोठ्या आकड्यात लहान आकडा गुणिले ९० वजा मोठा, भागिले ९०, असा मिळवतात, म्हणून ४५ अधिक १०, पंचावन्न. पिवळी पट्टी. ताई कार्डाकडे बराच वेळ बघत बसली, मग म्हणली, "दहावीला पंचावन्न पडले असते तर बाबांनी मारलं असतं." हसलो सगळे, पण मग ती आत जाऊन झोपली, संध्याकाळपर्यंत उठली नाही.

पंचावन्नाचा लगेचचा उपयोग म्हणाल तर प्रोफेशनल टॅक्सचे वर्षाचे २,५०० वाचले, एसटीत ७५ टक्के सवलत. तेव्हाच्या इन्कम टॅक्स कायद्याच्या ८०यू कलमाखाली ७५,००० ची वजावट, पण ती जुन्या रेजिममध्येच, नव्यात नाही. मी मोठ्या उत्साहानं २०२४-२५ चं गणित मांडलं. नऊ लाख पगार, जुन्यात ५०,००० स्टँडर्ड, दीड लाख ८०सी, २५,००० मेडिक्लेम, ७५,००० हे, टॅक्स ३३,८००. नव्यात फक्त ७५,००० स्टँडर्ड वजा करून, टॅक्स ३३,८००. रुपयाचासुद्धा फरक नाही. एवढ्या चकरा मारल्या त्या टॅक्ससाठी तर मुळीच नाहीत, हे तेव्हा कळलं. संजय गांधी निराधारच्या उत्पन्नाच्या मर्यादेत आमचं घर बसतच नव्हतं, आणि पगार दिव्यांगांसाठीच्या २५,००० च्या मर्यादेच्या वर म्हणून ईएसआय, म्हणजे कामगार विमापण नाही, तो विषय तिथंच सोडला.

खरा उपयोग झाला ऑफिसात. ताईनं सहा वर्षं आजार लपवलेला, सुट्टी घेताना कधी पाठ, कधी मायग्रेन. कार्ड आल्यावर तिनं एचआरला सांगितलं. मला भीती होती, तिला जास्त. इथं एक गोष्ट स्वच्छ माहीत पाहिजे: नोकरीत असताना अपंगत्व आलं तर काढता येणार नाही, दुसऱ्या पदावर घ्या, पद नसेल तर जादा पद तयार करा पण पगार तोच ठेवा, हे २०१६ च्या त्याच कायद्यातलं कलम २० सरकारी आस्थापनांना आहे. २००३ मध्ये कुणाल सिंग नावाच्या कॉन्स्टेबलच्या केसमध्ये सुप्रीम कोर्टानं जुन्या कायद्यातल्या अशाच कलमाखाली त्याला सेवेत ठेवायला लावलं होतं. ताईच्या ओळखीतली एक जिल्हा परिषदेची शिक्षिका, तोच आजार, तिला मी सांगितलं बाई तू चुकूनसुद्धा राजीनामा देऊ नकोस, तुझं गणितच वेगळं आहे. खाजगीत तेवढं कवच नाही. वीस किंवा जास्त माणसं असलेल्या कंपनीनं समान संधी धोरण लिहून ठेवायचं असतं, तेवढ्याचा आधार घेऊन ताईनं लेखी अर्ज केला: आठवड्यात तीन दिवस घरून काम, महिनाअखेरचं क्लोजिंग दुसऱ्याकडे. मॅनेजर तोंड वाकडं करत हो म्हणला. पण म्हणला.

आणि आम्हाला वेळ हवा होता तो मेडिक्लेमसाठी. कंपनीच्या ग्रुप पॉलिसीत जुना आजार पहिल्या दिवसापासून चालत होता, दर सहा महिन्यांनी होणारं इंजेक्शन त्यातनंच निघायचं. नोकरी गेली की ते गेलं. दाजींनी सप्टेंबर २०२२ मध्ये स्वतंत्र फॅमिली पॉलिसी घेतलेली. तीन विमा कंपन्यांनी नाही म्हणलेलं, चौथीनं हप्ता चढवून दिली, आणि एमएससाठी तीन वर्षांची थांबण्याची मुदत. ती मुदत सप्टेंबर २०२५ ला संपणार. म्हणजे त्याआधी नोकरी सोडणं वेडेपणा. त्या वेळी एका एजंटानं सांगितलेलं की आजार लिहूच नका, कोण बघतंय. दाजींनी लिहिला, आणि त्या माणसाला परत घरात घेतलं नाही. मला विचाराल तर पंधरा महिन्यांतला कुठलाही कागद त्या एका खऱ्या ओळीइतका कामाचा ठरला नाही, पॉलिसी रिन्यू होताना २२ सप्टेंबर २०२५ पासून जीएसटीपण गेला तो वरचा गूळ. लग्नानंतर घेतलेला टर्म इन्शुरन्स तेवढा चालू ठेवलाय, काय वाट्टेल ते झालं तरी तो हप्ता चुकवायचा नाही, आता तिला नवा कुणी देणार नाही. त्यातलं अपंगत्वाचं रायडर, म्हणजे जोडून घेतलेला जादा विमा, मात्र फक्त अपघाताचं निघालं. बहुतेकांचं तसंच असतं, बारीक अक्षरात लिहिलेलं.

या मधल्या काळात एक काम ताईच्या आग्रहानं झालं. मी म्हणत होतो दाजींच्या नावानं मुखत्यारपत्र करू. वकील म्हणले करा, पण देणाऱ्याची समज गेली की आपल्या कायद्यात ते मुखत्यारपत्रच संपतं, म्हणजे जेव्हा खरी गरज तेव्हाच बिनकामाचं. मग सगळी खाती दोघांपैकी कुणीही किंवा हयात राहील तो अशी करून घेतली, नॉमिनी तपासले, एका फंडात अजून आमच्या बाबांचं नाव होतं आणि बाबांना जाऊन नऊ वर्षं झाली, आणि मृत्युपत्र केलं. मृत्युपत्रात तिनं आईच्या पाटल्या भाचीला लिहिल्या, काठी मला लिहिते म्हणली, वकिलांनी ते कापलं.

सप्टेंबर संपला, मुदत संपली, आणि ऑक्टोबर २०२५ मध्ये आम्ही निघायची तयारी केली. कंपनीच्या पोर्टलवर राजीनाम्याचं कारण निवडायला खाली यादी उघडते: चांगली संधी, उच्च शिक्षण, स्थलांतर, लग्न, पर्सनल. आजार नाहीच! एचआरची मुलगी म्हणली मॅडम पर्सनल टाका ना, सगळे तेच टाकतात. ताईनं टाकलं नाही. आधी ईमेल लिहिला, वैद्यकीय कारणानं सध्याचं काम करण्यास असमर्थ असल्यामुळं सेवा संपवत आहे, सोबत न्यूरॉलॉजिस्टचं पत्र. हे पत्र टक्क्यांचं नव्हतं, कामाचं होतं: सलग किती वेळ बसता येतं, उजव्या हातानं टायपिंग किती, दुहेरी दिसणं, आणि मेंदूच्या कामाचा वेग मोजणाऱ्या एसडीएमटी चाचणीचा निकाल. कारण ईपीएसमध्ये प्रश्न पंचावन्न की ऐंशी असा नसतोच, अपंगत्व आलं त्या वेळी जे जे काम जमत होतं ते आता सगळंच गेलं का, असा असतो. रिलीव्हिंग लेटरमध्ये तीच ओळ यावी म्हणून चार ईमेल गेले, चौथ्यात मी आवाज जरा चढवला, लेखीच.

ग्रॅच्युइटी आली, तोवर बेसिक ३८,००० झालेला आणि सहा वर्षं धरली गेली, १,३१,५३८. पाच वर्षांची सूट शेवटी लागलीच नाही, आमच्या थांबण्यातच ती अट पूर्ण झाली.

मग नोव्हेंबरच्या दुसऱ्या आठवड्यात मी सहज तिचं पीएफचं खातं उघडलं. कंपनी जेव्हा नोकरी संपल्याची तारीख भरते तेव्हा कारणाला एक अक्षर असतं. सी म्हणजे सेवा संपली, एस वयोमानानं, आर निवृत्त, डी मृत्यू, पी कायमचं अपंगत्व. तिथं सी होतं. पगार करणाऱ्या पोरानं सवयीनं टाकलेलं, महिन्याला दहा जणांना सीच टाकतो बिचारा. पत्रात एक, सरकारच्या नोंदीत दुसरं, अन् पेन्शनचा अर्ज वाचणारा माणूस नोंद आधी बघणार. ते एक अक्षर बदलायला कंपनीचं पत्र, दुरुस्तीचा अर्ज, पीएफ ऑफिसच्या दोन फेऱ्या आणि पाच आठवडे लागले. ताई दोन्ही वेळा बरोबर आली, दुसऱ्या वेळी व्हीलचेअरवर. काउंटरवरच्या बाईंनी उठून बाहेर येऊन तिची सही घेतली.

दहा-डी फॉर्म गेलाय, मेडिकल बोर्डाच्या बोलावण्याची वाट बघतोय. अकरा वर्षांवर हिशोब केला तर महिना २,३५७ बसतात. बोर्ड म्हणू शकतं की खुर्चीत बसून थोडंफार काम जमेल हिला, मग नाही मिळणार, ताईला हे मी आधीच सांगून ठेवलंय. परवा तिनं विचारलं, बोर्डाच्या दिवशी कुठली साडी नेसू. म्हणलं गाऊनमध्ये चल. म्हणली, "ते काय जमायचं नाही, पण काठी हातात धरते."